टेबलाखालचं पुस्तक

सुनीतीबाई खांबेट्यांच्या पोटात दुखायला लागलं ते काउंटरवर दुसरी खुर्ची आली त्या दिवसापासून. ओवा खाऊन जाणारं दुखणं नव्हतं ते. नारायण पेठेतल्या त्या वाचनालयात बाई ऐन विशीत चिकटल्या होत्या. आता केस पांढरे झाले होते आणि ते काळे करायचाही कंटाळा आला होता, पण एवढ्या वर्षांत काउंटरवर खुर्ची एकच होती, ती बाईंची. पुस्तक परत करायचं ते बाईंच्या हातात आणि नवं न्यायचं तेही बाईंच्या हातून. कपाटांकडे जायची कुणाची टाप नव्हती. "आत कुठे निघालात? मंडई आहे का ही?" हे एकदा ऐकलेला माणूस पुन्हा म्हणून काउंटर ओलांडत नसे.

बाईंना पुस्तकांतलं कळत नव्हतं असं म्हणणाऱ्याची जीभ झडेल. चांगलंच कळत होतं. फक्त वाचकाला काही कळतं, हे त्यांना मान्य नव्हतं. कुणी काय वाचायचं ते बाई ठरवायच्या. "हे? हे नाही झेपायचं तुम्हाला," म्हणून हातातलं पुस्तक काढून घ्यायच्या आणि दुसरं ठेवायच्या. ते न वाचता कुणी परत आणलंच, तर अख्ख्या वाचनालयाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारायच्या, "वाचायचं नव्हतं तर नेलंत कशाला, उशाला घ्यायला?" असा पाणउतारा एकदा झाला की माणूस एक तर वाचून यायचा, नाही तर वाचलं म्हणून सांगायचा. बाईंना हा दुसरा प्रकार ठाऊक नव्हता.

नव्या पुस्तकांचा गठ्ठा आला की तो बाईंशिवाय कुणी सोडायचा नाही. छापखान्यात कडा कापताना काही पानं जोडलेलीच राहतात. बाई लाकडी फूटपट्टी घेऊन बसायच्या आणि एकेक जोडलेलं पान हलक्या हाताने सोडवायच्या. पानं न सोडवता पुस्तक वाचकाच्या हाती देणं म्हणजे ताट न पुसता पान वाढणं, असं त्यांचं मत होतं. मग गठ्ठ्यातलं सगळ्यात चांगलं पुस्तक कपाटात न जाता टेबलाखाली जायचं. ते कुणाला मिळेल याचा नियम नव्हता, बाईंची मर्जी होती. टेबलाखालचं पुस्तक मिळालं की पेठेतली माणसं ते पिशवीत न घालता मुद्दाम हातात धरून घरी जायची.

ते सगळ्यात जास्त वेळा मिळालं दिगंबरपंत सोवन्यांना. दिगंबरपंत टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, बायको गेल्यावर कसबा पेठेत एकटेच राहायचे. दर गुरुवारी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, कापडी पिशवी घेऊन चालत यायचे.

"काय बाई, आज काय वाचू?"

"हे घ्या. आणि घाई करू नका."

पुढच्या गुरुवारी पुस्तक काउंटरवर ठेवायचे आणि म्हणायचे, "वाचलं. फार छान. निवड तुमचीच."

बस, एवढंच. पण या "निवड तुमचीच"वर बाईंचा आठवडा निघायचा. घरी नवरा शेअरचे भाव सोडून काही वाचत नव्हता. मुलगा कंपनीच्या बसने सकाळी हिंजवडीला जायचा आणि रात्री कॉम्प्युटरचं डोकं घेऊन घरी यायचा. बाईंनी दिलेलं पुस्तक कुणीतरी मनापासून वाचतं आहे, याची खात्री त्यांना फक्त त्या एका माणसाकडून मिळत होती.

आणि मग समितीच्या डोक्यात शिरलं की वाचनालय आधुनिक करायचं. सभासद गळायला लागले होते हे खरंच. तरुण मंडळी फिरकत नव्हती, म्हातारी मंडळी मालिका बघत बसली होती. तेव्हा कॉम्प्युटर आला, त्याच्यासाठी दुसरं टेबल आलं, दुसरी खुर्ची आली आणि त्या खुर्चीवर वाशीमहून आलेली प्रियदर्शनी येऊन बसली. ग्रंथालयाची पदवी घेतलेली, कॉम्प्युटरचा कोर्स केलेली, सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहणारी मुलगी. पहिल्याच दिवशी ती म्हणाली, "मॅडम, मी सगळी कपाटं पाहून राहिले होते. काय मस्त लावलीत तुम्ही!"

"पाहून राहिले नाही, पाहत होते," बाई म्हणाल्या. झालं, एवढंच स्वागत.

प्रियदर्शनीला राग आला असेल तर दिसला नाही. तिची एक खोड होती. वाचकाने पुस्तक परत दिलं की ती विचारायची, "कसं वाटलं?" आणि वर बघून, हात थांबवून उत्तराची वाट पाहायची. पुणेकर माणूस, त्याला मत विचारायला कुणी मिळालं की तो सोडतो की काय! जी माणसं बाईंसमोर "छान" म्हणून सुटायची, ती तिच्यासमोर बोलतच राहायची. एकाला शेवट पटला नव्हता, दुसऱ्याला लेखकच पटला नव्हता. "नाही आवडलं तर सोडा नं अर्ध्यात, काका. दुसरं पाहू," असं ती म्हणायची आणि काकांचा चेहरा शाळा सुटल्यासारखा व्हायचा. जया पटवर्धनांना बाई कित्येक वर्षं संतचरित्रं देत आल्या होत्या. त्या एक दिवस प्रियदर्शनीच्या टेबलावर वाकून हळूच म्हणाल्या, "खुनाचं काही आहे का गं?"

बाईंनी ते ऐकलं आणि त्यांचा जळफळाट झाला. दुसऱ्या टेबलापुढे रांग आणि त्यांच्यापुढे कुणी नाही. काहीतरी करतोय हे दिसावं म्हणून त्या स्वच्छ असलेलं टेबल पुन्हा पुसायला लागल्या. गोड बोलणं ही काही विद्वत्ता नाही, असं त्यांनी शिपायाला, रंगनाथला, दोनदा ऐकवलं. त्याने दोन्ही वेळा मान हलवली आणि मग प्रियदर्शनीला चहा नेऊन दिला.

जाऊ देत सगळे, बाई मनात म्हणत होत्या. पटवर्धन जाऊ देत, काका-मामा जाऊ देत. सोवनी आहेत.

आणि एका गुरुवारी दिगंबरपंत आले, बाईंना नमस्कार केला आणि जाऊन त्या दुसऱ्या रांगेत उभे राहिले.

"बाई, तुम्ही कामात दिसलात," ते जाताना ओशाळून म्हणाले. बाईंसमोर चिटपाखरू नव्हतं.

त्या दिवशी बाईंना जेवण गेलं नाही. माणूस परगावी गेला असता, आजारी पडला असता, तर एवढं लागलं नसतं. पण डोळ्यांदेखत, चार हातांवरच्या टेबलाकडे गेला, आणि तेही कालच्या पोरीकडे! पुढच्या गुरुवारी तर कहर झाला. बालविभागाच्या कोपऱ्यात, पोरांसाठी ठेवलेल्या त्या बुटक्या बाकावर, दिगंबरपंत आणि प्रियदर्शनी शेजारी शेजारी बसले होते. ती हळू आवाजात काही सांगत होती आणि दिगंबरपंत हसत होते. नुसते गालात नाही, खांदे हलवून हसत होते. एवढ्या वर्षांत बाईंनी त्यांचे दात बघितले नव्हते. माझ्यावरच हसत असणार, बाईंना वाटलं. माझीच नक्कल चाललेली असणार. आणि हे मनात आलं की त्यांच्या छातीत जे काही व्हायचं त्याला मत्सर म्हणतात, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. पण ते कबूल कोण करतो!

ते निघाले तेव्हा पिशवीतून पुस्तकाचा कोपरा बाहेर आला होता. बाईंनी मान लांब करून बघितलं. मुखपृष्ठावर छत्री घेतलेला कोल्हा होता.

दिगंबरपंत दाराबाहेर पडल्याबरोबर बाई उठल्या आणि प्रियदर्शनीसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "सोवन्यांना बालविभागातलं पुस्तक दिलंस?"

"ते मागतात, मॅडम."

"मागतील ते द्यायला आपण वाणी आहोत का? त्या माणसाने काय काय वाचलंय, माहीत आहे तुला? आणि त्याच्या हातात तू कोल्हा देतेस!"

प्रियदर्शनीने एकदा दाराकडे बघितलं. मग म्हणाली, "तुम्ही त्यांनाच एकदा विचारा नं, मॅडम."

"मला आजवर कधी विचारावं लागलं नाही," बाई म्हणाल्या.

आता एकच गोष्ट त्यांच्या डोक्यात होती. दिगंबरपंतांना परत आपल्या टेबलासमोर उभं करायचं. दुसरं काही नको. रांग नको, समितीची शाबासकी नको, तो एक माणूस हवा.

त्याच आठवड्यात गठ्ठा आला आणि त्यात ती कादंबरी होती, जिच्यासाठी अर्धं पुणं टपून बसलं होतं. जाडजूड, बारीक टायपाची, उचलताना मनगटाला कळेल अशी. बाईंनी फूटपट्टी काढली, पण तेवढ्यात प्रियदर्शनी बारकोडच्या पट्ट्या घेऊन उठलेली दिसली. हिच्या हाती लागलं तर हीच देईल त्यांना! बाईंनी फूटपट्टी खाली टाकली आणि पुस्तक तसंच टेबलाखाली सारलं. पानं सोडवायची राहिली. जन्मात पहिल्यांदा राहिली.

गुरुवारी दिगंबरपंत आले. प्रियदर्शनीकडून कोल्ह्याचा दुसरा भाग घेऊन वळले, तर समोर सुनीतीबाई. बाई काउंटरच्या बाहेर आल्या होत्या. वाचनालयातली सगळी माणसं बघायला लागली.

"हे काय लावलंय, दिगंबरपंत?" बाईंनी त्यांच्या हातातून पुस्तक काढून घेतलं आणि कोल्हा सगळ्यांना दिसेल असा वर धरला. "दुसरं बालपण लागलं वाटतं? दूध-बिस्किट मागवू का?"

लोक हसले. हसणारच. बाईंची वाक्यं पेठेत पुढे आठवडाभर चालायची.

"हे घ्या. तुमच्यासाठी म्हणून ठेवलंय. टेबलाखालचं आहे." बाईंनी कादंबरी त्यांच्या हातात दिली.

दिगंबरपंत पुस्तक धरून उभे राहिले. बाईंच्या चेहऱ्याकडे बघायचं सोडून ते त्यांच्या कानाच्या बाजूला कुठेतरी बघत होते. "वा, वा," ते म्हणाले. "निवड तुमचीच."

"आजोबा," म्हणत प्रियदर्शनी खुर्चीतून अर्धी उठली. दिगंबरपंतांनी तिच्याकडे वळून नकारार्थी मान हलवली. बाईंनी ती मान बघितली आणि त्यांना जे सुख झालं ते काय सांगावं! बघ, म्हणाल्या मनात. नाही म्हणाला तुला. त्या दिवशी घरी जाताना त्यांनी चितळ्यांकडून बाकरवडी घेतली आणि नवऱ्याला विनाकारण वाढली.

पुढच्या गुरुवारी दिगंबरपंत आले नाहीत. जाड पुस्तक आहे, वेळ लागणारच, असं बाईंनी स्वतःला समजावलं. त्याच्या पुढच्या गुरुवारीही आले नाहीत. बाई दाराकडे बघत राहिल्या, प्रियदर्शनीही दाराकडे बघत राहिली, आणि दोघी एकमेकींकडे बघायचं टाळत राहिल्या.

मग एका दुपारी त्यांची मुलगी आली. अवनी नाव, कोथरूडला राहायची. तिने कादंबरी बाईंच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "बाबांचं पुस्तक. आणि त्यांचं सभासदत्व बंद करायचंय."

"बंद?" बाई म्हणाल्या. "वाचलं का त्यांनी?"

"हो. म्हणाले, बाईंना आठवणीने सांग. वाचलं, फार छान, निवड तुमचीच."

बाईंनी खुर्ची थोडी वळवली, दुसऱ्या टेबलावर नीट ऐकू जावं म्हणून. "निवड आपली असतेच हो," त्या मोठ्याने म्हणाल्या. "पण मग बंद कशासाठी करताय?" असं विचारता विचारता त्यांनी सवयीने पुस्तक चाळायला घेतलं, आणि बोट अडलं.

पानं जोडलेली होती. सुरुवातीचीच चार पानं वरून एकमेकांना धरून होती. बाईंनी पुढे बघितलं, मधे बघितलं. जिथे जिथे छापखान्यात कापायची राहिली होती तिथे तिथे ती तशीच होती. त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. फसवलं! सगळ्या पेठेसमोर ज्याला मान दिला त्याने फसवलं.

"अहो, पानं तरी फोडायची!" त्या ओरडल्या. "जोडलेल्या पानांतून वाचलं का त्यांनी? वाचायचं नव्हतं तर—"

"बाई," अवनी म्हणाली. "बाबांना वाचता येत नाही. डोळ्यांचं मधलं गेलंय. कडेकडेचं तेवढं दिसतं, म्हणून चालता-फिरता येतं. वर्ष होऊन गेलं याला."

"वर्ष? मग माझ्याकडून जी न्यायचे ती पुस्तकं?"

"न्यायचे आणि गुरुवारी परत आणायचे. मी म्हटलं, सांगून टाका की बाईंना. तर म्हणाले, नको, रागावतील. न वाचता परत आणलेलं त्यांना चालत नाही." अवनी दुसऱ्या टेबलाकडे बघून थोडी हसली. "मग या ताईंनी विचारलं, कसं वाटलं, त्यातलं कोण आवडलं. आता काय सांगणार? रडलेच म्हणे तिकडे कपाटांमागे. त्यांनीच ही मोठ्या अक्षरांची पुस्तकं शोधून दिली. भिंग लावून पान-दोन पानं वाचायचे, थकले की या वाचून दाखवायच्या. पण आता यायचं नाही म्हणतात. सगळे हसले ना त्या दिवशी."

खरं सांगायचं तर बाईंना आधी लाज वाटली नाही. आधी वाटलं ते हे, की रडायचंच होतं तर माझ्यासमोर का नाही रडले? एवढी वर्षं मी पुस्तकं दिली आणि डोळ्यांचं सांगितलं ते हिला! मत्सर असा हलकट असतो, माणूस बुडत असताना सुद्धा आधी आपलं काढतो. लाज आली ती त्याच्या मागून, आणि आली ती अशी आली की बाईंना त्या पुस्तकावरचे हात उचलवेनात. एक वर्ष तो माणूस माझ्याकडून ओझं घेऊन जात होता आणि ओझं आणून देत होता, आणि मी त्याच्या "फार छान"वर जगत होते.

"सभासदत्व बंदबिंद काही करायचं नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "घर कुठे त्यांचं?"

अवनी पत्ता सांगून गेली. बाई उठून दुसऱ्या टेबलासमोर गेल्या. त्या टेबलासमोर वाचकासारखं उभं राहायची त्यांची ही पहिलीच वेळ.

"तू मला सांगितलं का नाहीस?"

"त्यांनी शपथ घातली होती, मॅडम. म्हणे, बाईंच्या मनातून उतरेन मी."

बाईंनी मान खाली घातली. "तो कोल्हा कुठल्या कपाटात आहे?"

प्रियदर्शनी कपाटाकडे गेली नाही. खाली वाकली आणि आपल्या टेबलाखालून तिने ते पुस्तक काढून दिलं. दिगंबरपंतांसाठी राखून ठेवलं होतं.

कसबा पेठेतल्या त्या गल्लीत बाई पोहोचल्या तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. पहिल्या मजल्यावर दार उघडंच होतं. दिगंबरपंत दाराजवळ खुर्ची टाकून नुसते बसले होते. पावलं ऐकून त्यांनी मान वळवली आणि त्यांचा चेहरा उजळला.

"कोण, प्रियदर्शनी? ये गं, ये!"

ती हाक बाईंना आयुष्यात कधी मिळाली नव्हती. क्षणभर त्यांना वाटलं, पुस्तक उंबऱ्यावर ठेवावं आणि न बोलता निघून जावं.

"मी सुनीती," त्या म्हणाल्या.

दिगंबरपंत ताडकन उठले. शर्टाचं वरचं बटण लावलं, टेबल चाचपून चष्मा शोधला, तो डोळ्यांवर चढवला. "या, या बाई. वाचलं हं मी! सगळं वाचलं. फार छान. निवड तु—"

"बसा!" बाई म्हणाल्या. शब्द काउंटरवरच्याच आवाजात बाहेर पडला आणि ते लगेच बसले. ते तसे बसले ते बघून बाईंना रडू आलं. माफी मागायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी समोरचं स्टूल ओढलं, पुस्तक उघडलं आणि सरळ वाचायला सुरुवात केली. जंगल आलं, पाऊस आला, छत्री घेऊन कोल्हा आला. बाई वाचनालयाचे नियम वाचावेत तशा वाचत होत्या. दिगंबरपंत गुडघ्यांवर हात ठेवून, ताठ बसून ऐकत होते.

गोष्ट संपली. बाईंनी पुस्तक मिटलं. मग एवढ्या वर्षांत कधी न विचारलेला प्रश्न त्यांनी विचारला.

"कसं वाटलं?"

"फार छ..." दिगंबरपंत थांबले. त्यांनी चष्मा काढून हातात घेतला. "खरं सांगितलं तर चालेल, बाई?"

"सांगा."

"प्रियदर्शनी आहे ना, ती कोल्ह्याचा आवाज काढते."

बाईंच्या पोटात ते जुनं दुखणं पुन्हा उठलं, चांगलंच उठलं. त्यांनी जिन्यात कुणी नाही ना ते बघितलं, दार लोटून घेतलं, पुस्तक पुन्हा पहिल्या पानावर उघडलं. घसा खाकरला आणि नारायण पेठेतल्या सुनीतीबाई खांबेट्यांनी कोल्ह्याचा आवाज काढला.

दिगंबरपंत हात वर करून म्हणाले, "नाही, असा नाही. याहून बारीक."

बाईंनी याहून बारीक काढला.